मामाची वही: औषधाच्या अभ्यासात जाण्याआधी विचारलेले प्रश्न

जानेवारी 2025 मधल्या एका रविवारी मामा आमच्याकडे आला तो काखेत रुग्णालयाची फाइल घेऊन. फाइलमध्ये एका नव्या औषधाच्या अभ्यासाचं, म्हणजे माणसांवर घ्यायच्या चाचणीचं, माहितीपत्रक आणि संमतीपत्र असे सतरा पानी इंग्रजी कागद होते आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली होती. बुधवारी सही करून द्यायचं होतं. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला. घरी कोंकणी बोलतो, रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचतो आणि भजनाची वही स्वतःच्या हाताने उतरवून घेतो. इंग्रजी कागदातलं त्याला फक्त स्वतःचं नाव कळलं होतं.

‘यात काय लिहिलंय?’ मी विचारलं.

‘किडनीचं नवं औषध. दोन वर्षं फुकट. तपासणी फुकट, बसचे पैसेही देणार.’ आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य: ‘दोतोर सांगता म्हणजे बरेंच आसतलें.’

हे प्रकरण मी मामाच्या परवानगीने सविस्तर लिहितो आहे. अशी फाइल घेऊन घरी येणारा गोव्यात तो एकटा नसणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष 2023 मध्ये आले, त्यांत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात होतं: 26.4 टक्के. देशाचं प्रमाण 11.4 टक्के. जिथे साखरेचे इतके रुग्ण आहेत, तिथे साखरेच्या आणि तिच्यामागून येणाऱ्या आजारांच्या औषधांचे अभ्यासही येणार.

मामा 61 वर्षांचा, डिचोली तालुक्यातला. खनिजाचा ट्रक चालवायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या चालल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा त्याने ट्रक विकला. आता रस्त्यालगत चहाचं छोटं दुकान आहे. साखर चौदा वर्षांची. रात्री इन्सुलिन, दोन वेळा मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. डिसेंबरच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.9 आलं होतं, म्हणजे ईजीएफआर, किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, 39 च्या आसपास. लघवीतल्या प्रथिनाचा, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा आकडा 640 होता. तो 30 च्या खाली असायला हवा आणि 300 च्या वर गेला की किडनी बरीच गळते आहे असं समजतात. डायलिसिस लांब होतं, पण वाट तिकडेच जाणारी होती.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. मात्र तीन वर्षं एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीवर, म्हणजे असे अभ्यास तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. औषधांच्या चाचण्यांबाबतच्या 2019 च्या नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत निम्मे तरी बाहेरचे, आणि माझ्यासारखा वैद्यकाबाहेरचा एकजण असावाच लागतो. समितीत आम्ही या माहितीपत्रकांवर तासन्‌तास घालवायचो. हा शब्द रुग्णाला कळेल का, ही जोखीम इतक्या आत का दडवली आहे, यावर वाद व्हायचे. तेच पत्रक पुढे रुग्णासमोर कसं जातं, हे मी पहिल्यांदा मामाच्या फाइलमध्ये पाहिलं. पेन्सिलीची ती फुली बघून मला फार वाईट वाटलं.

तरी मामाला ‘जाऊ नको’ असं मी सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही. फुकट तपासणी हे चहाच्या दुकानावर घर चालवणाऱ्या माणसासाठी खरं आणि मानाचं कारण आहे. त्याला लालूच म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी बसून बघावं. मी एवढंच म्हटलं, बुधवारी सही नाही, बुधवारी प्रश्न. आणि शाळेतली एक कोरी दोनशेपानी वही त्याच्या हातात दिली.

प्रश्न कुठून आले

इंटरनेटवर डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या तयार याद्या मिळतात. त्यांतली एक मी छापून आणली होती. मामाने ती वाचली, मान डोलावली आणि बाजूला ठेवली. त्यातला एकही प्रश्न त्याचा नव्हता. मग मी म्हटलं, ‘ते राहू दे. तुझा दिवस सांग. उठतोस किती वाजता?’

साडेचारला उठतो. पाचला दुकान उघडतो. सहाच्या आत दोन उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि पातळ भाजी खातो, कारण रात्रीच्या इन्सुलिनने पहाटे हात थरथरतात. हे तो सहज बोलून गेला. माहितीपत्रकात मात्र दर चार आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. डिचोलीहून पणजी, पणजीच्या स्टँडवरून दुसरी बस, मग रांग. नऊच्या आधी सुई लागणार नाही. पहिला प्रश्न तिथेच लिहिला गेला: ‘आदल्या रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं का, किती घ्यायचं, आणि बसमध्ये साखर उतरली तर गोड खाऊ की रक्त देईपर्यंत थांबू?’ कुठल्याही यादीत हा प्रश्न नव्हता, आणि मामाच्या जिवाशी सगळ्यांत जवळचा हाच होता.

पुढचे प्रश्न तसेच एकामागून एक आले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘चवथीच्या दिवसांत बोलावलं तर?’ आषाढी-कार्तिकीच्या उपासाचं मामाने स्वतः विचारलं. दुकान बंद ठेवलं त्या दिवसाच्या कमाईचं काय, की फक्त बसभाडंच? रात्री काही झालं तर फोन कोणाला? आमच्याजवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांना कसं कळणार की हा काय घेतोय?

मामीला आणखी एक गोष्ट खटकली होती. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव असे रकाने होते. ‘विम्याच्या कागदासारखं वारस कशाला? हा मरणार आहे असं धरून चाललेत का?’ हे रकाने नियमांतच आहेत. अभ्यासामुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी वारस विचारतात. मला हे ठाऊक होतं, तरी मी उत्तर दिलं नाही. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहिला. नियम मला माहीत असणं वेगळं, आणि ज्यांच्या हाती मामाला सोपवायचं त्यांनी मामीला तोंडावर सांगणं वेगळं.

दोन रात्रींत वहीत तेवीस प्रश्न झाले. एका भेटीत तेवीस विचारता येत नाहीत. पहिले सहा विचारायचेच असं ठरवून आम्ही त्यांना लाल पेनाने गोल केला. बाकीचे अभ्यासाच्या समन्वयक बाईंसाठी ठेवले. बसभाडं, फोन, तारखा यांची उत्तरं त्याच नीट देतात, डॉक्टरांचा वेळ तिथे घालवायचा नसतो. फोन करून अर्ध्या तासाची वेगळी वेळही मागितली. ओपीडीच्या गर्दीत, दारात पुढचा रुग्ण उभा असताना, मामाच्या तोंडून एक प्रश्न आला नसता.

सगळं बदलणारा प्रश्न

बुधवारी आम्ही तिघं गेलो. मामाने वही उघडली आणि चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला: ‘डॉक्टर, मी यात आलो नाही तर तुम्ही मला काय द्याल?’

हा प्रश्न पहिला असावा हा माझा आग्रह होता. मामा डॉक्टरांकडे इलाजासाठी जातो. अभ्यास त्याच्या इलाजासाठी नसतो, एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असतो. हे औषध गुण देतं की नाही, याचं उत्तर माहीत असतं तर अभ्यास केलाच नसता. डॉक्टर तेच, खोली तीच, पांढरा कोट तोच, त्यामुळे रुग्णाला दोन्ही गोष्टी एकच वाटतात. त्यांना वेगळं करायला या एका वाक्याइतकं सोपं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

डॉक्टर थोडा वेळ फाइल बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘डापाग्लिफ्लोझिन चालू नाही का तुम्हाला?’

नव्हतं. मामाला कोणी दिलंच नव्हतं. मधुमेहासाठी निघालेली ही गोळी किडनीची घसरणही मंदावते, हे डापा-सीकेडी नावाच्या मोठ्या चाचणीत 2020 मध्ये दिसून आलं. त्या चाचणीत 4304 लोक होते. सव्वादोन-अडीच वर्षांच्या काळात नकली, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांपैकी 14.5 टक्के लोकांची किडनी निम्म्याहून खाली घसरली, पूर्ण निकामी झाली किंवा किडनी वा हृदयाच्या आजाराने मृत्यू आला. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 9.2 टक्के होतं. फायदा इतका स्पष्ट होता की ती चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. भारतात या गोळीचं पेटंट 2020 मध्ये संपलं आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. आज ती डिचोलीच्या कुठल्याही फार्मसीत मिळते.

म्हणजे नव्या, अजून सिद्ध न झालेल्या औषधाच्या दारात मामा उभा होता, आणि सिद्ध झालेलं औषध त्याला मिळालेलं नव्हतं.

इथे दुसरा प्रश्न आपोआप पुढे आला, तो वहीत नव्हता. मीच विचारला: ‘अभ्यास सुरू झाल्यावर मध्येच ही गोळी सुरू करता येते का?’ डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आधीची औषधं काही आठवडे तरी एकाच मात्रेत स्थिर असावी लागतात. मध्येच नवी गोळी आली की बदल कशाने झाला ते कळेनासं होतं. वैद्यकीय गरज पडली तर देतील, पण सहज नाही. मग तेच म्हणाले, ‘आधी ही सुरू करू. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही निकषात बसलात आणि तुमची इच्छा असली तर बघू.’

त्या डॉक्टरांबद्दल मला आदर वाटतो. एक सहभागी कमी होत असताना त्यांनी रुग्णाचं पाहिलं. पण प्रश्न विचारला नसता तर ते त्या दिवशी फाइल उलगडून बसले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बाकीच्या लाल गोलांतले दोन इथे नोंदवतो. ‘हे औषध आतापर्यंत किती माणसांनी घेतलं?’ अभ्यास तिसऱ्या टप्प्याचा होता, म्हणजे आधी दोन टप्प्यांत माणसांवर चाचण्या झालेल्या. डॉक्टरांनी आकडा सांगितला. त्यावर मामाने विचारलं, ‘त्यांत माझ्यासारखी किडनी झालेले किती?’ आणि आकडा बराच आटला. हा पोटप्रश्न त्याचा स्वतःचा, मला सुचला नव्हता. दुसरा प्रश्न विचारताना मामा चाचरला, म्हणून मामीने विचारला: ‘याला घेतल्याबद्दल तुम्हाला कंपनीकडून काही मिळतं का?’ डॉक्टर रागावले नाहीत. कंपनी रुग्णालयाला अभ्यासाच्या खर्चाचे पैसे देते, तसा करार आहे आणि तो नीतिमत्ता समितीपुढे ठेवलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. हा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगला संशोधक त्याचं उत्तर तयारच ठेवतो.

कागद मराठीत मागितला

डिचोलीला परतताना मामा म्हणाला, ‘मला हे वाचायचंय. तू वाचून दाखवायचं नाही, मी वाचायचं.’

माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी आणि कोंकणीत होतं, मराठीत नव्हतं. गोव्यात हा नाजूक विषय आहे. 1987 च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात जागा मिळाली, पण प्रत्यक्षात कुठला कागद कोणत्या भाषेत निघेल याचा नेम नसतो. मामाला कोंकणी ऐकून सगळं कळतं, पण कायद्याचं, रोगाचं वाचायची सवय मराठीची आहे. सहभागीला समजेल अशा भाषेत माहिती देणं नियमाने बंधनकारक आहे, आणि कोणती भाषा समजते हे सहभागीच सांगू शकतो. समन्वयक बाईंना आम्ही तसं कळवलं. भाषांतर करून समितीची मंजुरी घ्यायला महिन्याभराहून जास्त लागला. घाई नव्हतीच, गोळी सुरू होऊन आठवडाच झाला होता.

मराठी प्रत आली तीत ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. मराठीचा शिक्षक असून मीही अडखळलो. मामाने बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली गोळी. ‘म्हणजे देवाचा कौल?’ मामाने विचारलं. मी रात्रभर या तुलनेवर विचार केला आणि सकाळी त्याला सांगितलं, कौल वेगळा. कौलात देव तुझं ऐकून उजवी-डावी देतो अशी आपली श्रद्धा असते. इथे चिठ्ठी काढणाऱ्याला तू कोण हे माहीतच नसतं. तुझी गरज, तुझी परिस्थिती काही विचारात येत नाही. डॉक्टरांनाही कळत नाही, तुलाही नाही. मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे दोन वर्षं बस करून गेलो तरी ती गोळी पिठाची असू शकते.’ हो. हे ज्याला कळलं त्याची सही खरी.

त्याच प्रतीतून आम्हाला भरपाईचं कलम नीट वाचता आलं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत. इजेचा अभ्यासाशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर. इजा वा मृत्यू अभ्यासामुळे असेल तर भरपाई वेगळी. ती वय आणि मुळातल्या आजाराची जोखीम यांवरून ठरते, सूत्राचा पाया 8 लाख रुपयांचा आहे. मामाचं उत्पन्न त्या सूत्रात येत नाही, हे ऐकून मामीला बरं वाटलं. चहाच्या दुकानाची कमाई लिहिली म्हणून माणसाची किंमत कमी धरतील, अशी तिची भीती होती. तिने आणखी एक विचारून घेतलं: असा उपचार लागला तर तो गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर लावणार नाही ना? त्या कार्डावर लहान कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण असतं, ते घरातल्या आजारांसाठी राखायचं होतं. खर्च प्रायोजकच करणार, हे उत्तर बाईंनी वहीत लिहून खाली सही केली.

माझी एक चूक इथे सांगायला हवी. रक्ताचे उरलेले नमुने कुठे ठेवणार, किती वर्षं, त्यांवर जनुकांची तपासणी होणार का, हे आम्ही विचारलंच नाही. माझ्या लक्षात आलं ते एप्रिलमध्ये, रजिस्ट्रीवर अभ्यासाची नोंद वाचताना. भारतात 2009 पासून प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत करावीच लागते. पत्रकावरचा क्रमांक तिथे टाकला की प्रायोजक कोण, निकष काय, किती लोक घेणार, काय मोजणार, हे सगळं उघड दिसतं. हे मी जानेवारीतच करायला हवं होतं. प्रश्न उशिरा विचारला, तेव्हा कळलं की नमुने साठवायची संमती वेगळ्या पानावर आहे आणि ती नाकारूनही अभ्यासात राहता येतं. मामाने ती नाकारली.

जूनमध्ये पुन्हा तपासणी झाली. लघवीतल्या प्रथिनाचा आकडा 640 वरून 410 वर आला होता. डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर तो एक तृतीयांशाहून थोडा जास्त उतरला होता, तरी आकडा 300 च्या वर हवा या अभ्यासाच्या निकषात मामा अजून बसत होता. मामी म्हणाली, आता पुरे, गुण येतोय, कशाला जायचं? मामाने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी त्याने कारण सांगितलं ते असं: ‘ती डापाची गोळी चार हजार माणसांनी आधी खाऊन बघितली म्हणून मला मिळाली ना?’ एवढ्यावर त्याने होकार दिला. मधेच सोडलं तरी नेहमीच्या उपचारात फरक पडणार नाही, हे मामीने त्याच्याकडून आणि डॉक्टरांकडून पुन्हा वदवून घेतलं.

संमतीच्या वेळी कॅमेरा लावला होता. नवं रसायन आणि परिस्थितीने दुर्बल गटातला सहभागी असं दोन्ही असलं की दृक्‌-श्राव्य नोंद करावी लागते. मामा कॅमेऱ्यासमोरही वही घेऊन बसला. डॉक्टरांनी विचारलं, ‘तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ त्याने पिठाच्या गोळीपासून सुरुवात केली. सही केलेल्या पत्रकाची प्रत घेतल्याशिवाय तो खुर्चीतून उठला नाही.

3 जुलैला अभ्यासाची गोळी सुरू झाली. तीन दिवसांनी आषाढी आली. वहीत उत्तर होतं: उपास करायचा असेल तर आदल्या दिवशी फोन, डापाग्लिफ्लोझिन त्या दिवशी नाही, इन्सुलिन सांगू तेवढं. मामाने फोन केला. डॉक्टर निर्जळी नको म्हणाले, म्हणून त्याने पाणी आणि फळं घेतली. भजनात बसून राहिला, पण उभं राहून टाळ वाजवला नाही.

31 जुलैची भेट नेहमीसारखी झाली. पुढची 28 ऑगस्टला, म्हणजे चवथीच्या दुसऱ्या दिवशी, येत होती. भेटीला तीन दिवस मागेपुढे चालतात, हे मामीच्या प्रश्नाचं उत्तर बाविसाव्या पानावर लिहिलेलं होतं. समन्वयक बाईंनी ती सोमवारी, 25 तारखेला घेतली. मामा पहिल्या बसने गेला, खिशात साखरेची पुडी आणि पिशवीत दोन उंडे. सव्वानवाला रक्त दिलं, बाकावर बसून उंडे खाल्ले, आणि परतताना डिचोलीच्या बाजारात उतरून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताला, कांगलां ही रानफळं आणि सुपारीचा घड घेऊन दुपारपर्यंत घरी आला.